विश्लेषण : ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?’ जीवाश्मांची साक्ष नेमकी कशी तपासतात?

जानेवारी २०१८. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये वैदिक संमेलन भरलं होतं. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे आले होते. डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे आणि शाळा-कॉलेजांतून तो बदलायला हवा, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा मुद्दा साधा होता. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणीही सांगितलेलं नाही, लिहूनही ठेवलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून मंत्र्यांचं म्हणणं खोडून काढलं. विषय तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही. २०२३मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. मंत्र्यांचा तो प्रश्न मात्र अजूनही कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो. कधी विनोद म्हणून, कधी अगदी गंभीरपणे. ‘कुणी पाहिलं?’

सिंह राजकारणात येण्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, म्हणून हा आक्षेप जास्त खटकतो. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही, असं कोणताही तपास अधिकारी म्हणत नाही. घटनास्थळाचा पंचनामा होतो, बोटांचे ठसे घेतात, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत जातात, मोबाइल टॉवरच्या नोंदी मागवल्या जातात. यातला एकेक पुरावा वेगळ्या माणसाने, वेगळ्या पद्धतीने गोळा केलेला असतो. सगळे एकाच दिशेला बोट दाखवू लागले की न्यायालय ते मान्य करतं. माणसाच्या उत्क्रांतीचा तपास नेमका असाच चालतो. फरक एवढाच की घटनास्थळ लाखो वर्षं जुनं आहे आणि आरोपपत्र सतत दुरुस्त होत असतं.

आपण माकडापासून आलो का?

नाही. देवळाच्या कठड्यावर बसून भाविकांच्या हातातली पिशवी ओढणाऱ्या माकडापासून तर नाहीच. या गोंधळाचं निम्मं मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत तांबड्या तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. शेपटी दोघांनाही. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या बिनशेपटीच्या प्राण्यांसाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही, कारण ते आपल्या मुलखात राहतच नाहीत. (भारतातल्या जंगलात आज या गटातला गिबन तेवढा आढळतो, तोही ईशान्येकडे.) पाठ्यपुस्तकं त्यांना ‘कपी’ म्हणतात. बोलताना मात्र सगळ्यांचं ‘माकड’च होतं आणि मग ‘माकडापासून माणूस’ हे वाक्य तयार होतं.

विज्ञानाचं म्हणणं वेगळं आहे. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एके काळी एकच होते. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चिंपांझी आपला आजोबा नाही, भाऊबंद आहे. ‘मग आज माकडं का शिल्लक आहेत?’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. चुलतभाऊ गावी राहिले म्हणून तुमचं पुण्यातलं घर खोटं ठरत नाही.

दुसरा गोंधळ ‘होताना पाहिलं’ या शब्दांमधला. जणू एका सकाळी कपी झाडावरून उतरला आणि संध्याकाळपर्यंत माणूस झाला! मराठीचंच बघा. ती महाराष्ट्री प्राकृतातून आली हे आपण अभिमानाने सांगतो. पण आई प्राकृत बोलते आणि तिचा मुलगा मराठी बोलतो, असं एकाही घरात घडलं नाही. प्रत्येक पिढीला आपल्या आजी-आजोबांची भाषा कळत होती. तरीही हालाची ‘गाहा सत्तसई’ आज आपल्याला भाषांतराशिवाय कळत नाही. मधले टप्पे शिलालेखांत, ताम्रपटांत, पोथ्यांत सापडतात. प्राकृताची मराठी होताना कुणी पाहिलं? कुणीच नाही. तरी ती झाली, हे शिलालेख सांगतात. जीवाश्म हे तसलेच शिलालेख आहेत. फक्त ते कुणी मुद्दाम कोरलेले नाहीत.

हाडावरून चाल कशी कळते?

१९२४मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाँग इथल्या चुनखडीच्या खाणीतून एका लहान मुलाच्या कवटीचा जीवाश्म जोहान्सबर्गमधले शरीररचनेचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांच्या हाती आला. दगडातून कवटी मोकळी करायला त्यांनी बायकोच्या विणकामाच्या सुया वापरल्याचं सांगतात. मेंदू लहान, चिंपांझीच्या पिल्लाला शोभेल एवढा. पण पाठीचा कणा मेंदूला जिथे जोडला जातो ते छिद्र कवटीच्या मागच्या बाजूला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याचं डोकं कण्याच्या पुढे लटकतं, म्हणून त्याचं छिद्र मागे सरकलेलं असतं. सरळ उभं राहणाऱ्याचं डोकं कण्यावर तोललेलं असतं, डोक्यावर हंडा ठेवावा तसं. म्हणजे हे मूल दोन पायांवर चालणाऱ्या जातीचं होतं. डार्ट यांनी १९२५मध्ये त्याला ‘ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस’ असं नाव दिलं आणि युरोपातल्या बहुतेक तज्ज्ञांनी त्यांना जवळपास उडवून लावलं. का, ते पुढे येईलच.

पुढे ५० वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९७४ला इथिओपियातल्या हडार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना एका मादीचा सांगाडा सापडला. त्या रात्री छावणीत बीटल्सचं ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ हे गाणं वाजत होतं, म्हणून तिचं नाव लूसी पडलं. वय सुमारे ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम साडेतीन फूट आणि सांगाड्याचा जवळपास ४० टक्के भाग हाती. एवढ्या जुन्या काळातलं एकाच प्राण्याचं इतकं शरीर मिळणं म्हणजे लॉटरीच. तिचं कमरेचं हाड आपल्यासारखं बसकं, वाडग्याच्या आकाराचं आहे. मांडीचं हाड गुडघ्याकडे येताना आत झुकतं. एका पायावर भार देऊन दुसरा पाय पुढे टाकायचा तर हा झुकाव लागतो. चिंपांझीच्या हाडात तो नसतो, म्हणून तो दोन पायांवर चालू लागला की डुलत चालतो. मेंदू मात्र लूसीच्या जातीचाही लहानच होता.

मला सगळ्यात जास्त पटणारा पुरावा मात्र हाडाचा नाहीच. टांझानियात लेटोली इथे मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८मध्ये पावलांचे ठसे मिळाले. ज्वालामुखीची राख पडली, ती पावसाने भिजली, तिच्यावरून कुणीतरी चालत गेलं, राख कडक झाली आणि नंतरच्या थरांनी ती झाकली. सुमारे २७ मीटरची ही वाट ३६ लाख वर्षांहून जुनी आहे. टाच आधी टेकलेली आहे आणि अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत आहे, झाड पकडायला बाजूला वळलेला नाही. पावसाळ्यात फरशीवर उमटलेलं ओलं पाऊल आपण रोज बघतो. हे त्याच्याहून फारसं वेगळं दिसत नाही. चालताना कुणी पाहिलं नाही, पण चालणाऱ्यांनीच सही करून ठेवली आहे.

लूसी आणि लेटोलीचे ठसे मिळून एक गोष्ट ठरवतात. आपण आधी चालायला लागलो, मेंदू मोठा व्हायला त्यानंतर लाखो वर्षं गेली. १०० वर्षांपूर्वीच्या बहुतेक विद्वानांचा अंदाज नेमका उलटा होता.

वय कोण ठरवतं?

‘कार्बन डेटिंग चुकीचं असतं, म्हणून हे सगळंच खोटं’ असा एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यात एक मोठी अडचण आहे. लूसीचं वय कार्बनवरून काढलेलंच नाही. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजायला काही उरत नाही. लाखो वर्षांसाठी दुसरं घड्याळ लागतं.

ते घड्याळ ज्वालामुखीच्या राखेत असतं. पोटॅशियम-४० या मूलद्रव्याच्या काही भागाचं हळूहळू आरगॉन वायूत रूपांतर होतं. निम्मं पोटॅशियम संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा वितळलेला असताना आधीचा आरगॉन उडून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. दगड थंड झाला की नवा आरगॉन स्फटिकांत अडकायला लागतो. तो मोजला की राख कधी पडली ते कळतं. हाडाचं वय असं थेट काढत नाहीत. त्याच्या खालच्या आणि वरच्या राखेच्या थरांची वयं काढतात, हाड त्या दोन तारखांच्या मधलं. पूर्व आफ्रिकेत एवढे जीवाश्म मिळण्याचं आणि त्यांची वयं इतक्या खात्रीने सांगता येण्याचं एक कारण म्हणजे तिथले ज्वालामुखी. ते वरचेवर राख पसरवत राहिले.

इंजिनिअरिंगमध्ये एका सेन्सरच्या आकड्यावर कुणी विसंबत नाही. इथेही तसंच आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा इतिहासात अनेकदा उलटली आहे, शेवटची सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. त्या उलथापालथीच्या खुणा खडकांत राहतात. त्यांच्यावरून येणारं वय आणि आरगॉनवरून येणारं वय यांचा मेळ बसतो का, ते पाहतात. भौतिकशास्त्राच्या या दोन पद्धतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी उत्तर सारखं येतं.

रामाच्या नावाचा जबडा

आता थोडं आपल्या भागात येऊ. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट इथलीच आहे आणि ती विज्ञानाच्या माघारीची आहे.

१९३२मध्ये येल विद्यापीठाचा तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस शिवालिकच्या टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगर भागात जीवाश्म शोधत होता. त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. दातांची ठेवण त्याला माणसासारखी वाटली. शिवालिकच्या कपींना देवादिकांची नावं द्यायची पद्धत तेव्हा रूढ झालेली होती. शिवापिथेकस आधीच होता. लुईसने १९३४मध्ये ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवपिथेकस अशीही नावं दिली. या तुकड्याला त्याने नाव दिलं रामापिथेकस.

सुमारे २५ वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६१मध्ये एल्विन सायमन्स यांनी तो तुकडा पुन्हा तपासला. पुढे डेव्हिड पिलबीम त्यांच्यासोबत आले आणि दोघांनी मांडणी केली की हाच माणसाच्या शाखेचा सगळ्यात जुना ज्ञात पूर्वज, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा. दातांवरचं जाड कवच, आखूड चेहरा आणि माणसासारखी कमानदार दंतपंक्ती हे त्यांचे आधार. मात्र ती कमान पूर्ण सापडलेली नव्हती. मधला भाग हाती नव्हता, तुकड्यांवरून कमानीचा अंदाज केलेला होता.

तरी ही कल्पना गाजली. १९६५मध्ये टाइम-लाइफच्या ‘अर्ली मॅन’ या पुस्तकासाठी रुडॉल्फ झालिंगर यांनी ते प्रसिद्ध चित्र काढलं. डावीकडे वाकलेला कपी, मग हळूहळू ताठ होत गेलेल्या आकृत्या आणि उजवीकडे माणूस. त्याच रांगेत रामापिथेकसही होता. आज टी-शर्टवर, मीममध्ये, शेवटी मोबाइलवर वाकलेला माणूस दाखवणाऱ्या व्यंगचित्रात जी रांग दिसते, ती या चित्राची नात. उत्क्रांती ही एकामागून एक अशी रांग असते हा गैरसमज त्या एका चित्राने जितका पसरवला, तितका कुठल्याच पुस्तकाने दूर केला नसेल.

पहिला धक्का आला तो प्रयोगशाळेतून. १९६७मध्ये बर्कलेच्या विन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी माणूस आणि कपींच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली. फरक इतका थोडा होता की दोन्ही शाखा वेगळ्या होऊन फार तर ५० लाख वर्षं झाली असावीत, असं त्यांचं गणित सांगत होतं. मग १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा रामापिथेकस माणसाच्या शाखेत बसणार कसा? शाखाच तोवर फुटलेली नव्हती. जीवाश्मवाले चिडले. रक्ताच्या बाटल्यांवरून हाडांचा इतिहास कुणी कसा सांगावा, असा सूर होता. हा वाद दहा-बारा वर्षं चालला.

तो मिटवला हाडांनीच. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांचंच पथक पाकिस्तानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागासोबत खोदत होतं. तिथे शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा बराचसा भाग सापडला, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचा. दोन डोळ्यांमधलं अंतर अगदी कमी, डोळ्यांच्या खोबण्या उभट, चेहरा मधे दबलेला. हा चेहरा माणसाचा नव्हता, चिंपांझीचाही नव्हता. सरळ ओरांगउटानची आठवण करून देणारा होता. पिलबीम यांनी १९८२मध्ये तो प्रसिद्ध केला आणि ज्या मांडणीवर त्यांनी नाव कमावलं होतं ती स्वतःच सोडून दिली. रामापिथेकस म्हणून ओळखले जाणारे तुकडे बहुधा शिवापिथेकसच्याच लहान आकाराच्या प्राण्यांचे, बरेचसे माद्यांचे, असं आज मानतात. म्हणजे ते ओरांगउटानच्या बाजूचे नातेवाईक. आपले दूरचे.

उत्क्रांतीला विरोध करणारे ही गोष्ट ‘बघा, शास्त्रज्ञ चुकले’ म्हणून सांगतात. चुकले हे खरंच. पण चूक पकडली कुणी? रक्तावर काम करणाऱ्यांनी आणि खोदकाम करणाऱ्यांनी, तीही एकमेकांशी भांडत असताना. आणि जो मुद्दा कोसळला तो ‘हा विशिष्ट तुकडा आपला पूर्वज’ एवढाच होता. माणूस आणि कपी यांचं नातं त्यातून कमकुवत झालं नाही. ते आधी वाटलं होतं त्याहून जवळचं निघालं.

आणि मुद्दाम कुणी फसवलं तर?

तेही झालं आहे. १९१२मध्ये इंग्लंडमधल्या पिल्टडाउन इथे मोठ्या मेंदूची कवटी आणि कपीसारखा जबडा ‘सापडला’. ब्रिटिश विद्वानांना हवा होता तसाच पूर्वज : मेंदू आधी मोठा झालेला आणि शिवाय इंग्रज! त्याच्या प्रभावामुळेच डार्ट यांच्या लहान मेंदूच्या, पण दोन पायांवर चालणाऱ्या टाँगच्या मुलाकडे कुणी नीट पाहिलं नाही. पुढे आफ्रिकेत जीवाश्म सापडत गेले आणि पिल्टडाउन कुठेच बसेना. १९५३मध्ये तपासणीतून उघड झालं की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात घासलेले आणि सगळ्याला रंग लावलेला. ४१ वर्षं लागली, ही लाजिरवाणी गोष्टच. तो खोटेपणा उघड केला तोही शास्त्रज्ञांनीच.

हाडं सोडा, डीएनए काय म्हणतो?

समजा, उद्या जगातले सगळे जीवाश्म गायब झाले. तरी नात्याचा पुरावा प्रत्येकाच्या पेशीत उरतो. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खं गुणसूत्र हरवलं तर जीव जगणं अवघड. मग दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असावीत. तसं असेल तर माणसाच्या एखाद्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी फक्त टोकाला असणारी रचना सापडली पाहिजे. १९९१मध्ये ती सापडली, गुणसूत्र क्रमांक २ मध्ये, समोरासमोर जुळलेली दोन टोकं. त्याच गुणसूत्रावर दुसऱ्या मध्यबिंदूचे अवशेषही आहेत. दोन केबल जोडून वर टेप गुंडाळावी, तसा हा सांधा आजही दिसतो.

डीएनएने आणखी एक गोष्ट बदलून टाकली. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत मिळालेल्या बोटाच्या एका बारक्या हाडावरून २०१०मध्ये मानवाचा एक पूर्वी अज्ञात गट उघड झाला. या कामाचे प्रमुख स्वांते पाबो यांना २०२२चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या लोकांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, १ ते २ टक्के डीएनए निअँडरथल मानवाचा आहे, हेही त्यांच्याच कामातून कळलं. ही नुसती गंमत नाही. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा गुणसूत्र क्रमांक ३ वरचा एक तुकडा निअँडरथलकडून आल्याचं २०२०मध्ये स्पष्ट झालं आणि दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो आढळतो. उत्क्रांतीचा धडा वगळला म्हणून हा तुकडा वगळता येत नाही.

आणि त्या सरळ रांगेचं चित्र? ते तर आता पूर्णच मोडलं आहे. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे आपल्याच जातीचे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले. साधारण त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत लहान मेंदूचा होमो नालेदी राहत होता, युरोपात निअँडरथल होता. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम मीटरभर उंचीचे मानव होते, ते तर सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होते. पृथ्वीवर माणसाची एकच जात असणं ही परिस्थिती अगदी अलीकडची आहे. रांग नाही, करवंदाची जाळी आहे. तिच्या बहुतेक फांद्या वाळून गेल्या.

भारतात, महाराष्ट्रात काय मिळालं?

हाडांच्या बाबतीत फार थोडं. ५ डिसेंबर १९८२ला मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी हथनोरा इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला. तो काही लाख वर्षं जुना मानला जातो. मात्र नेमकं वय किती आणि ती होमो इरेक्टसची की नंतरच्या एखाद्या मानवाची, यावर आजही एकमत नाही. भारतात सापडलेला आदिम मानवाचा कवटीचा हा सगळ्यात महत्त्वाचा जीवाश्म आणि तो एकुलता एक असल्यासारखा आहे. एका कवटीवर वाद मिटत नसतो. त्याला दुसरी कवटी लागते.

महाराष्ट्रात दगडी हत्यारं मिळतात, हत्यारं बनवणाऱ्यांची एवढी जुनी हाडं मिळत नाहीत. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या संगतीने आदिम मानवाची हातकुऱ्हाडीसारखी अवजारं मिळाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. राख नेमकी कधीची यावर मोठा वाद आहे. कुणी ती सुमातरा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची मानतं, कुणी कितीतरी आधीची. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाच आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात माणसाचं हाड शोधण्यात अर्थ नाही. शोधायचं तर नद्यांच्या गाळात. तिथे आज काय चालतं, हे वाळूच्या ट्रकमागे गाडी चालवलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

मग धडा वगळल्याने बिघडतं काय?

एनसीईआरटीने कारण दिलं ते कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करण्याचं. बारावीत हा विषय आहेच, असंही सांगितलं गेलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुल्या पत्रातून विरोध नोंदवला. बारावीचं उत्तर कागदावर बरोबर आहे. पण बारावीचं जीवशास्त्र वाचतं कोण? कॉमर्स, आर्ट्सवाले नाहीत. आयटीआयला जाणारे नाहीत. माझ्यासारखे इंजिनिअरिंगच्या रांगेत लागलेले तर दहावीनंतर बायोलॉजी सोडण्यातच धन्यता मानतात. बहुतेक मुलांसाठी दहावी हीच शेवटची संधी असते. ती गेली की उरतो तो फोन आणि त्यावरचा ‘कुणी पाहिलं?’

आणि जो भाग ठेवला आहे त्याचं काय? एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात रामापिथेकस हा जास्त माणसासारखा होता, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. पिलबीम यांनी ही कल्पना १९८२मध्येच सोडली होती. नीटची तयारी करणारी लाखो मुलं ते वाक्य पाठ करत आली आहेत, कारण त्यावर प्रश्न येऊ शकतो. रामापिथेकस कसा आला आणि कसा गेला, ही गोष्ट त्याच पानावर दिली असती तर विज्ञान कसं चालतं हे एका परिच्छेदात कळलं असतं. धडा गाळणं चूक आहेच. शिळा धडा पाठ करायला लावणं त्याच्याइतकंच चूक आहे.

महाराष्ट्रातल्या पालकांनी याकडे आत्ताच पाहायला हवं. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. म्हणजे एनसीईआरटीने काढलेली गोष्ट आपल्या पुस्तकात होती, तीही पहिल्या पानापासून. आता राज्य मंडळाच्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचा निर्णय सरकारने जाहीर केला आहे. दहावीचा टप्पा येईल तेव्हा या पहिल्या धड्याचं काय होणार, तो जसाच्या तसा राहणार, अद्ययावत होणार की गळणार, हे शिक्षण विभागाने पुस्तकं छापखान्यात जाण्याआधी सांगायला हवं.